सहा केरसुण्या आणि हायड्रोजन

सव्वीस वर्षं मी हायड्रोजन तयार केला आणि त्या काळात एकदाही कुणी मला फेटा बांधला नाही. कारण आम्ही त्यापासून तूप करत होतो. वनस्पती तूप. तापवलेल्या तेलात हायड्रोजन सोडला की ते तेल पुढं थिजतं. त्याचे डबे भरायचे आणि लग्नसराईत ते डबे बुंदी पाडायला गावोगाव जायचे. हायड्रोजन मिळवायचा पाण्यातून. कारखान्याच्या मागं एक बुटकी इमारत होती, तिला गॅस हाऊस म्हणायचे. तिथल्या लोखंडी पेट्यांत पाण्यातून वीज सोडली की एका नळीतून हायड्रोजन निघायचा, दुसऱ्या नळीतून ऑक्सिजन. मी तिथं हेल्पर म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून बाहेर पडलो. पुढं डॉक्टर लोकांनी वनस्पती तूप खाऊ नका म्हणून सांगायला सुरुवात केली, कारखाना बंद पडला आणि पेट्या भंगारात गेल्या. मुलाची सोयरीक जमवताना वडील काय करायचे असं कुणी विचारलं की आमच्या घरात 'तुपाच्या कारखान्यात' एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे.

त्यामुळं हायड्रोजन हे उद्याचं इंधन आहे, ही बातमी मी निवृत्तीनंतर सकाळच्या चहाबरोबर वाचली तेव्हा पान बायकोपुढं धरलं. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "हे तुमचंच न्हवं का? मग तवा बंद का पाडलं?" मी पान परत ओढून घेतलं. बातमीत पुढं असंही होतं की वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तर तो हायड्रोजन हिरवा. आमची वीज कोळशाची होती. म्हणजे सव्वीस वर्षं मी कुठल्या रंगाचा गॅस करत होतो, ते मला तेव्हा कळलं.

मग धोरण आलं. धोरणामागून परिषदा आल्या, सामंजस्य करार झाले आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका रिकाम्या शेडला पांढरा-हिरवा रंग देऊन प्रशिक्षण केंद्र उघडलं. शिकवायला माणूस मिळेना. हायड्रोजनवर भाषण देणारे पुष्कळ होते. तो ज्यानं हाताळलाय असा या भागात मी एकटाच उरलो होतो. मुलाखतीत मी तुपाचा उल्लेख केला तेव्हा समोरच्या तिघांच्या चेहऱ्यावर लग्नात चुकीच्या पंगतीत बसल्यासारखे भाव आले. तरी त्यांनी मला तासावर घेतलं. माझ्या ओळखपत्रावर 'विषयतज्ज्ञ' असं छापलं आणि अनुभवाच्या रकान्यात तूप गाळून 'प्रक्रिया उद्योग' लिहिलं.

केंद्राचे प्रमुख पुण्याहून प्रतिनियुक्तीवर आलेले साहेब होते. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट पडद्यावर दाखवायची सवय होती. पहिल्याच दिवशी त्यांनी एक मोठं वर्तुळ दाखवलं. मशीन गुंतवणूक आली की येणार, गुंतवणूक प्रशिक्षित माणसं तयार झाली की येणार, आणि माणसं मशीन आलं की प्रशिक्षित होणार. बाण गोल फिरत होते. साहेब म्हणाले, याला इकोसिस्टम म्हणतात. मी मान डोलावली, कारण आमच्या गल्लीत गटाराचं कामही याच पद्धतीनं अडलेलं होतं.

दुसऱ्या स्लाइडवर आपल्या जिल्ह्यात पाण्याची मुबलकता दाखवली होती. फोटो छान होता, वरून काढलेला, क्षितिजापर्यंत पाणीच पाणी. मागच्या बाकावरून एक बाई उठली आणि म्हणाली, "साहेब, त्यो डाव्या कोपऱ्यात पत्रा दिसतोय न्हवं, त्यो आमच्या गोठ्याचा हाय." फोटो शिरोळकडच्या महापुराचा होता. साहेबांनी घाईनं पुढची स्लाइड काढली. ती स्लाइड पुढच्या प्रत्येक बॅचला दाखवली गेली, फक्त डावा कोपरा कापून.

ही बाई वीस जणांत एकटीच बाई. शिरोळ तालुक्यातल्या जैन शेतकरी घरातली, तिशी उलटलेली, दोन मुलांची आई. एका डेअरीच्या चिलिंग प्लांटमध्ये तिनं नऊ वर्षं अमोनियाचे कॉम्प्रेसर सांभाळले होते. कायम नोकरी होती. ती सोडून ती इथं आली होती, कारण जाहिरातीत 'पूर्णवेळ अभ्यासक्रम, नोकरीची हमी' असं छापलं होतं. सासरच्यांनी तोंड वाकडं करून का होईना, होकार दिला होता. डेअरीनं तिच्या जागी दुसरा माणूस भरला होता. परत जायला वाट नव्हती. बाकीच्यांपैकी बरेच जण घरात बसण्यापेक्षा बरं म्हणून आले होते. ही मात्र सगळं पणाला लावून आली होती, आणि ते तिनं पहिल्याच आठवड्यात मला सरळ सांगितलं.

अमोनियावर काम केलेल्या माणसाचा नाकावर विश्वास असतो. गळती झाली की डोळ्यांतून पाणी येतं, शंकेला जागाच नाही. त्यामुळं तिचा पहिला प्रश्न होता, हायड्रोजनचा वास कसा असतो. मी म्हटलं, वास नसतो. रंग? रंगही नाही. पेटला तर ज्वाला तरी दिसंल? मी म्हटलं, दिवसाउजेडी तीही दिसत नाही.

"मग त्यो हाय कशावरनं म्हणायचं?"

वर्ग हसला. साहेबांचं वर्तुळ आठवून मीही हसलो. मग मी त्यांना गॅस हाऊसमधली गोष्ट सांगितली. आमच्याकडं मीटर होते, ते बहुतेक वेळा दुरुस्तीला गेलेले असायचे. दाराशी एक शिंदीची केरसुणी टांगलेली असायची. आत जायचं तर ती हात लांब करून पुढं धरायची आणि हळू चालायचं. कुठं न दिसणारी आग असेल तर आधी केरसुणीचं टोक पेटायचं. माणूस वाचायचा. मी तिथं अंगानं धडधाकट उरलो त्यात तिचा मोठा वाटा आहे.

एकानं विचारलं, केरसुणी पुढं धरून चालायचं म्हणजे लोक काय म्हणतील? दुसरा म्हणाला, समोरून कोण आला तर भांडणच हुईल.  बाई म्हणाली, "आमच्याकडं मुनी महाराज बसायच्या आधी पिंछीनं जागा झाडून घेत्यात. मोराच्या पिसांची असती. खाली जीव असला तर चिरडू नये म्हणून. हे बी तसंच की, सर. हितं जीव आपला, एवढाच फरक."

सव्वीस वर्षं केरसुणी धरली, पण मला हे कधी सुचलं नव्हतं.

मी सहा केरसुण्या मागवल्या. साहेब म्हणाले, प्रयोगशाळेच्या खात्यातून केरसुणी घेतली तर ऑडिटवाले आक्षेप घेतील. म्हणून फाइलवर 'ज्वालाशोधक, नैसर्गिक तंतू, हस्तचलित, सहा नग' असं लिहिलं गेलं. त्या दिवाळीच्या तोंडावर आल्या. आणि आमच्या भांडारपालानं, देवभोळा माणूस, लक्ष्मीपूजनाला त्या सहाही ज्वालाशोधकांना हळदकुंकू वाहिलं. चूक त्याची नव्हती. नवी केरसुणी त्या दिवशी लक्ष्मीच असते, ती काय फाइल बघून घरात येते? पण परिणाम असा झाला की सुट्टीनंतर मी मागच्या अंगणात शेगडी पेटवून केरसुणीचं टोक ज्वालेत धरायला सांगितलं तेव्हा एकही जण पुढं येईना. लक्ष्मी कशी पेटवायची? मी ओरडलो, समजावलं, शेवटी स्वतः हातात घेतली, आणि खरं सांगतो, टोकाला लागलेलं कुंकू बघून माझाही हात आखडला. मी शेगडी बंद केली.

मग आम्ही नुसतंच चालण्याचा सराव केला. रिकाम्या शेडमध्ये, जिथं मशीन येणार होतं त्या चौकोनाभोवती, वीस माणसं आळीपाळीनं केरसुण्या पुढं धरून पाऊल मोजत चालायची. बाकीचे चेष्टा करत चालायचे. बाई मात्र खरंच समोर काही असल्यासारखी चालायची, मनगट सैल, नजर टोकावर. कुणीतरी याचा फोटो काढला. तो केंद्राच्या तिमाही अहवालात 'स्वच्छता अभियानात प्रशिक्षणार्थींचा उत्स्फूर्त सहभाग' या ओळीखाली छापून आला.

अभ्यासक्रम संपत आला तेव्हा प्रात्यक्षिकाच्या नोंदवह्या माझ्यापुढं आल्या. प्रत्येकाच्या वहीत 'कार्यरत यंत्रावर एकशेवीस तास' असं छापलेलं होतं आणि खाली माझ्या सहीची जागा होती. यंत्र अजून वर्तुळातच फिरत होतं. मी सही करणार नाही म्हणालो. साहेबांनी समजावून पाहिलं, हे सगळीकडं असंच चालतं. मला माहीत होतं की चालतं. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळला तर भडका उडतो, म्हणून गॅस हाऊसमध्ये दर तासाला गॅसची शुद्धता बघून वहीत आकडा लिहायचा असायचा. एकदा मी आळस केला आणि मागच्या पाळीचा आकडा तसाच उतरवून सही ठोकली. त्या पाळीत माझ्या सोबत्याचा उजवा पंजा भाजला तो कायमचा आखडला. चौकशीत काही निघालं नाही, कारण वहीत आकडा व्यवस्थित होता. तो सोबती शेवटपर्यंत मला डाव्या हातानं तंबाखू देत राहिला. हे मी साहेबांना सांगितलं नाही, आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बाईला समुद्रकाठच्या एका प्लांटमधून नोकरीचं पत्र आलं. अट एकच, महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र. आणि माझ्या सहीशिवाय प्रमाणपत्र निघणार नव्हतं. ती माझ्या टेबलापाशी आली, पत्र ठेवलं आणि उभी राहिली. मी म्हटलं, तू यंत्रावर एक तासही काढलेला नाहीस. ती म्हणाली, "त्ये माझ्यामुळं न्हाय, सर." ते खरंच होतं. मी तरी नाही म्हणालो. ती पत्र घडी घालून निघून गेली, रडली नाही, भांडली नाही. मला स्वतःचा इतका राग आला की मी दुपारचा डबा तसाच परत नेला. माझं तत्त्व मला माझ्या एका चुकीतून मिळालं होतं आणि त्याची भरपाई ती करत होती.

महिना संपायला पाच दिवस असताना वर्तुळाचा एक बाण अचानक सरळ झाला. एका कंपनीनं ट्रकवरून छोटं प्रात्यक्षिक यंत्र पाठवलं, दोन दिवसांसाठी. लगेच उद्घाटन ठरलं. एक मोठे पाहुणे येणार, बटण दाबणार, आणि हरित हायड्रोजनवर उकळलेला जिल्ह्यातला पहिला चहा पिणार, अशी योजना. अंगणात मांडव पडला. यंत्रातून एक नळी काढून टेबलावरच्या बर्नरला जोडली. हलगीवाले बोलावले. साहेबांनी स्वतः फिरून सगळं तपासलं आणि मांडवात एक केरसुणी बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. पाहुण्यांसमोर ती बरी दिसणार नाही म्हणून सहाही केरसुण्या भांडारात ठेवायचा हुकूम झाला. मी म्हटलं, एक तरी राहू द्या. ते म्हणाले, कंपनीचा इंजिनिअर आहे, आधुनिक यंत्र आहे, तुमचा तुपाचा काळ गेला. मला तिसऱ्या रांगेत बसवलं. बाईला औक्षणाचं ताट देऊन यंत्राशेजारी उभं केलं. बॅचमधली एकुलती बाई, तिचा उपयोग साहेबांना तेवढाच सुचला.

पाहुणे आले, फेटे बांधले गेले. माझ्याही डोक्यावर एक आला, आयुष्यातला पहिला. औक्षण झालं, बटण दाबलं गेलं. इंजिनिअरनं बर्नर पेटवला आणि दाब बघायला यंत्राच्या मागं गेला. टळटळीत दुपार होती. टेबलावर चहाचं पातेलं तयार होतं आणि बर्नरवर काहीच दिसत नव्हतं. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, पेटलंच न्हाय." साहेबांनी वाकून पाहिलं आणि खिशातून लायटर काढला. ज्वाला दिसत नाही म्हणजे आग नाही, असा साधा हिशेब. पाहुणेही बघायला पुढं झाले. त्यांच्या फेट्याचा शेमला खांद्यावरून सुटून पुढं लोंबत होता, बर्नरच्या दिशेनं.

मी उठून ओरडलो. हलगी जोरात होती, माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मधल्या दोन रांगांच्या खुर्च्या ओलांडता येईनात. तो आखडलेला पंजा माझ्या डोळ्यांसमोर आला.

बाईनं ताट खाली ठेवलं. बॅनरच्या मागं हात घातला आणि केरसुणी काढली. भांडारात पाचच गेल्या होत्या. सहावी तिनं सकाळीच तिथं आडवी ठेवली होती. ती पाहुण्यांच्या आणि बर्नरच्या मध्ये शिरली, केरसुणी थेट त्यांच्या छातीसमोरून आडवी नेली आणि म्हणाली, "पावणं, मागं सरा."

एवढ्या मोठ्या माणसाला केरसुणी दाखवलेली बघून पुढची रांग ताडकन उभी राहिली. आणि त्याच वेळी, जिथं काहीच नव्हतं तिथं, केरसुणीचं टोक भडकलं. हळदकुंकवासकट. हलगी थांबली. पाहुणे दोन पावलं मागं सरले, साहेबांच्या हातातला लायटर तसाच वर राहिला. इंजिनिअर धावत आला आणि त्यानं नळी बंद केली. बाईनं पेटती केरसुणी मातीत दाबून विझवली, तिला हात लावून तो कपाळाला लावला, आणि औक्षणाचं ताट पुन्हा उचलून जागेवर उभी राहिली.

चहा कॅन्टीनमधून आला, नेहमीच्या सिलिंडरवर उकळलेला. तोच हातात घेतलेला पाहुण्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी 'हरित चहाचा पहिला घोट' म्हणून छापून आला.

संध्याकाळी मी साहेबांच्या खोलीत गेलो. वरून फोन आला होता: पाहुण्यांसमोर केरसुणी धरणाऱ्या प्रशिक्षणार्थीचा खुलासा घ्या. साहेब लायटरकडं बघत बसले होते. मला म्हणाले, "मी तो पेटवायला वाकलो होतो." पहिल्यांदाच ते माझ्याशी पडद्याशिवाय बोलले. मी म्हटलं, मग जे झालं ते तिच्या वहीत लिहू. कार्यरत यंत्रावर प्रात्यक्षिक, काही मिनिटं, निकाल उत्तम. त्याखाली मी आनंदानं सही करतो. त्यांनी लायटर खणात टाकला. मग म्हणाले, कार्यक्रम निर्विघ्न पार पडला असा अहवाल गेलाय. हे लिहिलं की चौकशी लागणार, आणि चौकशी संपेपर्यंत प्रमाणपत्र निघणार नाही. मी खुलाशाचं बघतो, तुम्ही वहीचं बघा.

म्हणजे तिनं जे खरोखर केलं ते लिहिता येत नव्हतं, आणि जे कधी झालंच नाही ते छापून तयार होतं. मी वही उघडली आणि एकशेवीस तासांखाली सही केली. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. बाकीच्या एकोणीस वह्यांवर मी सही केली नाही; त्यांवर पुढच्या महिन्यात वरून परवानगी आणून साहेबांनी स्वतः सह्या केल्या.

बाई वेळेत रुजू झाली. तीन महिन्यांनी तिचा फोन आला. प्लांट मोठा आहे, यंत्रं लखलखीत आहेत, आग ओळखायचा कॅमेराही आहे, पण तो तपासणीसाठी कुठंतरी बाहेर पाठवलाय आणि अजून परत आलेला नाही. तिच्या हाताखाली आता आठ जण आहेत. तिनं पहिल्याच दिवशी केरसुणी मागितली तर सगळे हसले. बाजारात शोधली तर तिकडं नुसत्या प्लास्टिकच्या.

"सर, शिंदीच्या पाच पाठवून द्या की. आणि त्यास्नी हळदकुंकू नको, पोरं पेटवायला भित्यात."

मी केंद्रावर गेलो. त्या पाच अजून भांडारात होत्या. नोंदीत त्या 'प्रात्यक्षिकात वापरून संपल्या' होत्या, त्यामुळं न्यायला कुणाची हरकत नव्हती. घरी आणून नळाखाली धरल्या आणि हळदकुंकू धुतलं. बायको दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारायच्या आधीच मी केरसुण्यांना हात जोडले, आणि मग त्या उन्हात वाळत टाकल्या.

पार्सलवर आत काय आहे ते लिहावं लागतं. मी 'प्रात्यक्षिक साहित्य, केरसुण्या, पाच' असं लिहिलं आणि खाली सही केली.